पायाखालचा काळा पाषाण



शीळफाट्यावर मुंब्रा, कल्याण, महापे आणि पनवेल या चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. वाहनांच्या गर्दीत आपली नजर डोंगराकडे क्वचितच वळते. परंतु रस्त्यासाठी किंवा खडीसाठी जेथे डोंगर कापला आहे, तेथील काळी भिंत हे भूमीचे उघडे पुस्तकच आहे. त्याची लिपी अवघड नाही.

हा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून १,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला लाव्हारस वर आला. तो पातळ असल्याने दूरवर पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर चढला. असे थरावर थर साचून दख्खनचा खडक तयार झाला. झीज होऊनही आज त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात, याचे उत्तर या नावातच आहे.

प्रत्येक थर सारखा नसतो. मधला भाग सावकाश थंड झाला म्हणून घट्ट; उत्तम खडी मिळते ती त्याचीच. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले म्हणून तो सच्छिद्र व ठिसूळ. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला, तेथे पृष्ठभाग कुजून माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजली. दोन काळ्या थरांमधला लाल पट्टा तो हाच.

यानंतरचे काम पावसाचे. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी होते. ते दगडाच्या सांध्यांत शिरून त्यातील खनिजांची चिकणमाती करते. दगडाचे कोपरे आधी झिजतात आणि कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटू लागतात. दगडाचा मुरूम होतो, मुरुमाची माती होते. ज्या मातीवर आपली शेते पिकतात, ती अशीच तयार झाली.

पण हीच माती तीव्र उतारावर असली की धोका संभवतो. एक गुंठा जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी सुमारे १०,००० लिटर, म्हणजे १० टन भरते. त्यातील जे मुरते ते खालच्या घट्ट खडकावर अडते. वरच्या मातीचे वजन वाढते, कणांची परस्परांवरील पकड सुटते आणि उतार घसरतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावात दीडशेच्या वर माणसे दरडीखाली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. ती वाडी येथून फार दूर नाही.

पाऊस आपल्या हाती नाही. परंतु डोंगराचा पायथा कापणे, ओढे बुजवणे, उतारावरची झाडे तोडणे ही माणसाची कामे आहेत. पायथा हा वरच्या मातीचा टेकू असतो. तो काढून तेथे घर बांधणे म्हणजे भिंतीचा पाया खणून तिच्याच सावलीत बसणे होय. स्वस्त जागा म्हणून गरीब कुटुंबे तेथे राहतात, यात त्यांचा दोष नाही. म्हणूनच ही माहिती सर्वप्रथम त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

तेव्हा पालकांनो, काही खुणा ध्यानात ठेवा. उतारावर नवी भेग पडली, झाडे वा विजेचे खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, दारे चौकटीत अडकू लागली, तर सामानाचा मोह न धरता घर सोडा, शेजाऱ्यांना हाक द्या आणि महानगरपालिकेला किंवा तहसील कचेरीला कळवा.

विद्यार्थी मित्रहो, वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा जलदगती रेल्वेचा बोगदा याच खडकातून आखण्यात आला. तो आखणाऱ्यांना प्रथम दगड ओळखावा लागला. उद्या हे काम तुमच्यापैकी कोणी का करू नये? सुरुवात सोपी आहे. सुरक्षित अंतरावरून एखादी कापलेली दरड पाहा, तिचे थर मोजा, लाल पट्टा कोठे आहे ते वहीत काढा आणि घरी गेल्यावर त्याचा अर्थ आईवडिलांना समजावून सांगा.