लहान डिझेल इंजिन कोठें गेलें?

आज ज्या इंजिनाविषयीं मी बोलणार आहें, तें आपल्यापैकीं पुष्कळांच्या दारांत उभें राहून गेलें असेल. पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्यानें जातांना रांजणगांव लागतें. तेथील फियाटच्या कारखान्यांत १२४८ घन सेंटिमीटरचें एक चिमुकलें डिझेल इंजिन तयार होत असे. पुंटोमध्यें तें होतें, इंडिका व्हिस्टामध्यें होतें. मानेसर येथें परवान्यानें बनलेलें तेंच इंजिन स्विफ्टमध्येंहि होतें. थोड्या तेलांत लांबचा पल्ला, ही त्याची ख्याति. १ एप्रिल २०२० रोजीं भारत-६ हे धुराचे नियम लागू झाले आणि तें आपल्याकडील नव्या गाड्यांतून नाहींसें झालें. त्याच्या अंगीं कांहीं नवा दोष उत्पन्न झाला होता काय? मुळींच नाहीं. मग कारखानदारांनीं त्याला निरोप कां दिला?

पेट्रोल इंजिनांत हवा व इंधन मोजून मिसळतां येतें. एक भाग पेट्रोलला वजनानें सुमारें १४.७ भाग हवा. धुरांत फाजील प्राणवायु उरत नाहीं, म्हणून नळींतील एकच उत्प्रेरक तिन्ही मुख्य विषारी द्रव्यांचा समाचार घेतो. डिझेलची काटकसर जिच्यामुळें साधते, त्यांतील एक गोष्ट म्हणजे तें नेहमीं गरजेहून अधिक हवा घेतें. पण हाच उरलेला प्राणवायु उत्प्रेरकाला नत्राचीं ऑक्साइडें फोडूं देत नाहीं. ज्वलन अधिक उष्ण ठेवावें तर हीं ऑक्साइडें वाढतात. थंड ठेवावें तर काजळी वाढते. इकडे आड, तिकडे विहीर!

नव्या नियमांनीं तर दोन्ही वाटा एकदम अरुंद केल्या. डिझेल मोटारीला दर किलोमीटरमागें नत्राचीं ऑक्साइडें २५० मिलिग्रॅमवरून ८० वर, आणि धुरांतील कण २५ वरून ४.५ वर आणावयाचे होते. त्यासाठीं काजळीची गाळणी हवी. शिवाय ऑक्साइडें धरून ठेवणारा सांपळा किंवा युरियाचें पाणी फवारणारें यंत्र हवें. आतां इंजिन निम्मे लहान केलें म्हणून या सरंजामाची किंमत कांहीं निम्मी होत नाहीं. महागड्या गाडीच्या किमतींत ती खपून जाते. स्वस्त गाडीला मात्र तिचा भार सोसत नाहीं.

दुसरीकडे तेलाच्या भावांतील अंतरहि घटलें होतें. पेट्रोल २०१० मध्यें आणि डिझेल २०१४ मध्यें सरकारी भावबंधनांतून सुटलें. अधिक दिलेली किंमत भरून निघण्यास किती वर्षें गाडी हांकावी लागेल, हा हिशेब गिऱ्हाईक करूं लागलें, आणि तोच कारखानदारानेंहि केला. मारुतीनें २०१९ मध्यें डिझेल सोडण्याचें जाहीर केलें. टाटांनीं १.०५ लिटरचें इंजिन सोडलें, पण १.५ व २ लिटरचीं राखलीं. महिंद्रांनीं मोठ्या गाड्यांसाठीं डिझेल धरून ठेवलें. नियम एकच, पण ज्याचा जसा माल आणि जसें गिऱ्हाईक, तसा ज्याचा त्याचा निर्णय.

येवढ्यानें प्रश्न सुटला असें मात्र नाहीं. प्रत्येक कारखान्याच्या एकंदर गाड्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साइड किती असावा, हा निराळाच नियम आहे. २०२२-२३ पासून ती मर्यादा सुमारें ११३ ग्रॅमवर आली. या बाबतींत काटकसरी डिझेलची मदतच होत असे. तें सोडल्यावर मारुतीनें दाबलेल्या नैसर्गिक वायूवर अधिक भर दिला, आणि २०२२ मध्यें ग्रँड व्हिटारांत टोयोटाचें पेट्रोल व वीज यांचें जोडतंत्र आणलें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. नियम जें मोजतो, तेंच कारखानदार सुधारतो. फोक्सवॅगननें परीक्षा ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ दाखविणारी योजना गाड्यांत केली होती, हें २०१५ मध्यें अमेरिकेंत उघडकीस आलें. आपल्याकडेहि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजण्याची अट आली, ती म्हणूनच मोलाची.

गाडी घेतांना आपण "लिटरला किती जाते?" येवढेंच विचारतों. त्याबरोबर "माझें रोजचें जाणें किती?" हेंहि स्वतःस विचारावें. डिझेलच्या गाळणींतील काजळी जळून जाण्यास सुमारें ६०० अंश उष्णता लागते; घर ते बाजार येवढ्याच फेऱ्या घालणाऱ्या गाडींत ती क्वचितच मिळते, आणि गाळणी तुंबते. कारखानदारानें आपला हिशेब केला. आपला हिशेब आपणच केला पाहिजे. त्यांत आपल्या मुलाबाळांच्या श्वासाचाहि एक रकाना असावा.