मदतीचा हिशेब कुणाला द्यायचा?



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकजण शेती, सार्वजनिक आरोग्य, समाजकार्य, स्थापत्य शिकून बाहेर पडत आहात. म्हणजे उद्या तुम्ही परक्या शिवारात, परक्या पाणवठ्यावर, परक्यांच्या जगण्याबद्दल निर्णय घ्याल. म्हणून मी आज हैतीबद्दल बोलणार आहे. कॅरिबियन समुद्रातल्या या छोट्या देशाची बातमी येते ती भूकंपाची, टोळीयुद्धाची, उपासमारीची. तो गरीब आहे हे प्रत्येक बातमीत असतं. तो गरीब कसा झाला, हे बहुतेक वेळा नसतं.

अठराव्या शतकात ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती. ऊस आणि कॉफीच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली सुमारे पाच लाख माणसं राबत होती. १७९१ च्या ऑगस्टमध्ये ती उठली, तेरा वर्षं लढली, नेपोलियनच्या फौजेला त्यांनी हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र देश उभा केला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं, हे तुम्ही शाळेपासून ऐकलं आहे. त्याच्या जवळपास सत्तर वर्षं आधी गुलामांनी स्वतःच स्वतःला मुक्त केलेला देश जगात होता, हे आपल्याला क्वचितच शिकवलं जातं. अमेरिकेने त्याला मान्यता दिली ती थेट १८६२ मध्ये.

१८२५ मध्ये फ्रान्सची लढाऊ जहाजं हैतीच्या किनाऱ्यावर आली. राजा दहावा चार्ल्स याचं फर्मान होतं: स्वातंत्र्य मान्य हवं असेल तर १५ कोटी फ्रँक भरा. मळेवाल्यांचं जे नुकसान झालं, त्याची ही भरपाई. आणि त्या ‘नुकसानी’त मुक्त झालेली माणसंही धरली होती. पाच हप्ते ठरले. पहिलाच हप्ता ३ कोटींचा. तो भरण्यासाठी हैतीने फ्रेंच बँकांकडूनच ३ कोटींचं कर्ज काढलं, त्यातले ६० लाख बँकांनी दलाली म्हणून आधीच कापून घेतले. पुढे १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण कर्जासाठी कर्ज हा फेरा सुटला नाही. त्यातून उभं राहिलेलं देणं १९४७ पर्यंत फिटलं नाही. शाळा, रस्ते, दवाखाने यांच्या वाट्याचा कॉफीचा पैसा सव्वाशे वर्षं समुद्रापार जात राहिला. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या संपत्तीच्या निःसारणाचा जो हिशेब मांडला, तो वाचलेल्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल.

डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं. पुढच्या वर्षी सैन्यच उतरलं आणि १९३४ पर्यंत राहिलं. रस्ते बांधले, पण वेठबिगारीने. तिच्याविरुद्ध उठलेल्या शार्लमान्य पेराल्तला १९१९ मध्ये मारण्यात आलं.

हैतीच्या स्वतःच्या राज्यकर्त्यांना मी मोकळं सोडत नाही. दुव्हालिए बापलेकांनी १९५७ ते १९८६ देश दहशतीने आणि लुटीने चालवला, आणि राजधानीतल्या मूठभर घराण्यांनी आयातीचा धंदा मुठीत ठेवला. पण त्या बापलेकांनाही बाहेरून पैसा मिळत होता.

शेतीच्या पदवीधरांनो, आता तुमचा विषय. हैतीच्या खेड्यांत काळी गावरान डुकरं असत. उष्टंखरकटं खाऊन वाढायची. शाळेची फी, आजारपण, मयत आली की एक विकायचं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला, आणि अमेरिकेच्या पुढाकाराने ती सगळी मारून टाकण्यात आली. बदली आणलेल्या अमेरिकन डुकरांना सिमेंटची जमीन, विकतचं खाद्य आणि स्वच्छ पाणी लागे, जे मालकांच्याही घरात नव्हतं. लोकांनी त्यांना ‘चार पायांचे राजपुत्र’ असं नाव ठेवलं. मग तांदूळ. १९९५ मध्ये तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं गेलं आणि अनुदानावर पिकलेला अमेरिकन तांदूळ बंदरात उतरला. आर्तिबोनीत खोऱ्यातला भात उत्पादक त्याच्या भावाशी टिकला नाही. मार्च २०१० मध्ये, १९९५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं की या धोरणाचा फायदा त्यांच्या आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांना झाला असेल, पण ती चूक होती. तोवर खेडी उठून पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्ट्यांत आली होती, आणि १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात तिथलीच कमकुवत घरं कोसळली होती.

भूकंपानंतर जगाने सढळ हाताने पैसा दिला. त्यातल्या तातडीच्या मदतीचा जेमतेम शंभरावा भाग हैतीच्या सरकारी तिजोरीत गेला. मदतीच्या समन्वयाच्या बैठका संयुक्त राष्ट्रांच्या तळावर, कुंपणाआड, इंग्रजीत होत. लोक क्रेयॉल बोलतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिरबाले गावाजवळच्या, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतला मैला ओढ्यात गेला, ओढ्यातून आर्तिबोनीत नदीत. त्या छावणीत नेपाळहून आलेले सैनिक होते, आणि काठमांडूत तेव्हा पटकीची साथ होती. हैतीत निदान शंभर वर्षं पटकी नव्हती. सुमारे आठ लाख लोक आजारी पडले, जवळपास दहा हजार मेले. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी गावागावांतून साथीची वाट मागे शोधत नेली. ती छावणीपाशी पोहोचली. जनुकीय पुरावाही तेच सांगत होता. पीडितांनी भरपाई मागितली, ती २०१३ मध्ये राजनैतिक संरक्षणाच्या आधाराने नाकारली गेली. शांतिसेनेच्या करारात अशा तक्रारींसाठी आयोग नेमण्याचं कलम होतं. आयोग कधी नेमलाच गेला नाही. सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. या एका गोष्टीचा मला आजही संताप येतो. त्या सैनिकांचा मला राग नाही. तेही गरीब देशातून आले होते. राग आहे तो सहा वर्षांच्या नकाराचा. पैसा देणाऱ्या राजधान्यांना खर्चाचे अहवाल जात होते, आणि नदीकाठच्या आईला तक्रार नोंदवायला खिडकी नव्हती.

बाहेरच्या माणसाने तिथे जाऊच नये, असं मी म्हणणार नाही. मध्य हैतीतल्या कांज या वस्तीत अमेरिकन डॉक्टर पॉल फार्मर आणि त्यांच्या हैतियन सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून दवाखाना चालवला. क्षय आणि एचआयव्हीच्या रुग्णांना रोज घरी जाऊन औषध देणारी माणसं गावातलीच होती आणि त्यांना पगार होता. याच कामातून २०१३ मध्ये मिरबालेत शिक्षण रुग्णालय उभं राहिलं. २०२५ मध्ये टोळ्या त्या गावात घुसल्या आणि ते बंद करावं लागलं. टोळ्यांच्या हातातल्या बंदुका बऱ्याचशा फ्लोरिडातून येतात. राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईज यांची जुलै २०२१ मध्ये हत्या झाली, त्यातही परदेशी भाडोत्री होते. आज दहा लाखांहून अधिक माणसं घर सोडून देशातच भटकत आहेत.

तुमच्यातले काहीजण संस्थांत जाल, काही शासनात, काही मोठ्या कंपन्यांच्या सीएसआर विभागात, काही परदेशी मोहिमांवर. पहिल्या बैठकीत उठून विचारा: ज्यांच्यासाठी हे चाललंय ते या खोलीत आहेत का? त्यांच्या भाषेत आपण बोलतोय का? नको असेल तर ते हे काम थांबवू शकतात का? आणि आपल्या हातून नुकसान झालं तर त्यांनी कुणाकडे जायचं, त्याचा पत्ता कागदावर आहे का? नसेल, तर तो लिहिल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. तुमची पदवी तुम्हाला हे विचारण्याचा अधिकार देते. नव्या नोकरीत हे विचारणं जड जाईल, वरिष्ठांना आवडणार नाही, तरी विचारा.