प्रकल्प मुलांचा, गुणही मुलांचेच
(सुवर्णमहोत्सवी विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य कापडाच्या गाद्यांवर आणि मीटरपट्टीच्या संगतीत गेले. विज्ञानाच्या शिक्षकांसमोर विज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु माप आणि हिशेब या दोन गोष्टी व्यापाऱ्याला रोज सांभाळाव्या लागतात आणि विज्ञानाचा प्रकल्पही त्यांवरच उभा असतो. त्या नात्याने सहावी ते आठवीच्या मुलांच्या विज्ञान प्रकल्पांविषयी चार शब्द बोलतो.

२०१० साली आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यात लेखी चाचणीबरोबर प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प यांनाही स्थान मिळाले. अनेक शिक्षक स्वेच्छेने केलेल्या प्रकल्पास जादा गुण किंवा शाबासकी देतात. हेतू उत्तम आहे. लेखी परीक्षेत मागे पडणाऱ्या, पण हाताने हुशार असलेल्या मुलाला त्यातून संधी मिळते.

प्रत्यक्षात काय घडते, हे आपण सारे जाणतो. प्रकल्प जमा करण्याच्या आदल्या रात्री घरात धावपळ उडते. थर्मोकोलचा ज्वालामुखी किंवा सौरमाला स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणली जाते. मजकूर वडील लिहितात, सजावट आई करते आणि मूल झोपी जाते. सकाळी त्या प्रकल्पाला जादा गुण मिळतात. ज्या शेतमजुराच्या मुलीने घरच्या डब्या-बाटल्या जमवून काहीतरी स्वतः केले, तिची वस्तू त्या झगमगाटापुढे फिकी दिसते. अशा वेळी गुण पालकाच्या खिशाला मिळतात, आणि दोन्ही मुलांचे नुकसान होते. दुसऱ्याचे काम आपल्या नावावर दाखविणे अचौर्यव्रतात बसत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

खरा प्रकल्प कसा असतो, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यातील पाबळ आपणांस पद्ममणी तीर्थामुळे परिचित आहे. त्याच पाबळमध्ये १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातील काम सोडून हा शास्त्रज्ञ दुष्काळी गावात येऊन राहिला. मुलांनी हाताने काम करीत शिकावे आणि ते काम गावाच्या उपयोगी पडावे, ही त्यांची धारणा होती. माती तपासणे, जोडकाम करणे, रोपे वाढविणे यांतूनच तेथे विज्ञान शिकविले गेले. पुढे राज्य मंडळाच्या शाळांत आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ म्हणून हा अभ्यासक्रम स्वीकारला गेला. डॉ. कलबाग २००३ साली गेले. त्यांचे काम सुरू राहिले.

राज्यात १९८१ साली सुरू झालेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी व नववीच्या मुलांसाठी असते. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर तिच्यात कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत असते. मुलाखतीत दुकानातून आणलेला प्रकल्प पहिल्या दोन प्रश्नांतच उघडा पडतो. शाळेतही एवढेच करावे: प्रकल्प पाहण्याआधी मुलाशी पाच मिनिटे बोलावे.

विषय कोठून आणावेत, असे पालक विचारतात. दोन विषय सांगतो.

पहिला पावसाचा. आपला दौंड तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. सरळ उभ्या कडांचे, सपाट बुडाचे भांडे उघड्यावर ठेवावे आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने पाणी मोजावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी मिळाले. शंभर चौरस मीटरच्या छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर एक हजार लिटर होतात. आपल्या घराच्या छतावर जून ते सप्टेंबर किती पाणी पडले आणि त्यातले किती वाहून गेले, हा हिशेब सातवीचे मूल मांडू शकते.

दुसरा विषय माझ्या दुकानातला. कोऱ्या सुती कापडावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखावा, कापड धुऊन सावलीत वाळवावे आणि उभ्या व आडव्या धाग्यांच्या दिशेने पुन्हा मोजावे. बाजू अठ्ठेचाळीस सेंटिमीटर भरली, तर कापड त्या दिशेने चार टक्के आटले. असे का होते? मागावर धागे ताणून धरलेले असतात. पाणी लागताच सुताचे तंतू फुगतात, ताण सुटतो आणि कापड आखडते. हेच पॉलिस्टरच्या तुकड्यावर करून पाहावे, प्रत्येक मोजणी तीन वेळा करावी. त्यासाठी लागणारी कातरणे कोणताही कापड दुकानदार आनंदाने देईल.

या दोन्ही प्रकल्पांत खर्च जवळजवळ नाही आणि कोणत्याही जिवाला इजा नाही.

गुण कसे द्यावेत, याविषयी शिक्षकांना नम्र सूचना करतो. दहा गुण असतील, तर दोन गुण मुलाच्या स्वतःच्या प्रश्नाला, तीन मोजणीला, तीन रोजच्या नोंदवहीला आणि दोन तोंडी स्पष्टीकरणाला द्यावेत. सजावटीला गुण नसावेत. अपेक्षित उत्तर आले नाही, तरी नोंद खरी असेल तर गुण कापू नयेत. रोजमेळात शिल्लक जुळली नाही म्हणून आकडा बदलणारा मुनीम कोणत्याही पेढीला नको असतो. चूक शोधणारा हवा असतो. प्रयोगाची वहीही तशीच असावी. नकोशी नोंद खोडण्याऐवजी तिच्याशेजारी कारण लिहावे.

विश्वस्त मंडळालाही एक विनंती आहे. परीक्षेतील टक्केवारीसाठी आपण दरवर्षी पारितोषिके देतो, ती अवश्य द्यावीत. त्यांतच स्वहस्ते केलेल्या प्रकल्पासाठी एक पारितोषिक ठेवावे आणि ते गावातील सर्व समाजांच्या मुलांसाठी खुले असावे. मोजपट्ट्या, तापमापी, लहान वजनकाटा आणि भिंग असलेली एक पेटी वाचनालयात ठेवावी आणि पुस्तकाप्रमाणे ती मुलांना घरी न्यावयास द्यावी. खर्च एका भोजनावळीहून पुष्कळ कमी येईल.

पालकांनो, मुलाने आणलेला वेडावाकडा तक्ता सुधारण्याचा मोह आवरा. त्याला एवढेच विचारा: “तू काय मोजलेस आणि तुला काय आढळले?” तो पाच मिनिटे बोलू शकला, तर त्याला मिळालेले गुण खरोखर त्याचे आहेत.