औषधांच्या निर्णयात रुग्णाचे स्थान
(रिद्धपूर येथील भाषणाचा मजकूर)



रिद्धपूर हे मराठी गद्याचे आद्यपीठ होय. लीळाचरित्र सिद्ध करताना म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्यांना गाठून त्यांच्या आठवणी मिळविल्या. अनुभव ज्याचा, साक्ष त्याची, हा दंडक औषधांच्या बाबतीत मात्र आपण क्वचितच पाळतो. केंद्रात किती गोळ्या शिल्लक आहेत हे साठा नोंदवहीत दिसते. मजुरी बुडवून आलेला रुग्ण रिकाम्या हाताने परतला, हे तिच्यात दिसत नाही. ते त्यालाच विचारावे लागते.

विचारल्याने काय घडते, याचे एक उदाहरण सांगतो. मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन यांना क्षयरोग दोनदा झाला आणि उपचारातील इंजेक्शनांमुळे त्यांची श्रवणशक्ती गेली. बेडाक्विलिन हे तोंडाने घ्यावयाचे नवे औषध अशा इंजेक्शनांना पर्याय ठरणारे होते. त्याच्या एका क्षाररूपावर कंपनीने नवे पेटंट मागितले. ते मिळते तर तिची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. नंदिताताईंनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह २०१९ मध्ये हरकत घेतली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने हा अधिकार कोणाही व्यक्तीस दिला आहे. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. जुलैमध्ये मूळ पेटंटची मुदत संपली आणि इतर उत्पादकांची वाट मोकळी झाली.

हे प्रकरण मोठ्या शहरातले असले, तरी अमरावती जिल्ह्यालाही हा मार्ग नवा नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये राज्यात आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता. गावकऱ्यांनी सेवेला चांगली, मध्यम वा वाईट असा शेरा द्यावयाचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तर द्यावयाचे, अशी ती पद्धत होती. त्यात अधिकाऱ्यांचा अवमान नव्हता. वरिष्ठांकडे मागणी करताना त्यांच्या हाती लोकांचा पुरावा येत असे.

म्हणून माझी विनंती एवढीच. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीस मधुमेह, रक्तदाब, क्षय अशा दीर्घ उपचारांतील दोन-तीन रुग्णांना बोलवावे. न मिळालेल्या औषधांची यादी त्यांच्याकडून घ्यावी, शिक्षकांनी ती लिहून द्यावी आणि पुढील बैठकीत तिचे काय झाले हे त्यांना सांगावे. नुसते ऐकून घेणे म्हणजे सहभाग नव्हे. ऐकलेल्याचे उत्तर देणे हाच खरा सहभाग होय.