‘सेटल झाला’ म्हणजे नक्की काय?

आज नाशिकहून, घरूनच रेकॉर्ड करतोय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आपल्याकडे मुलगा अमेरिकेला गेला की दोन शब्दांत विषय संपतो: सेटल झाला. माझ्या मावसभावाबद्दल आम्हीही हेच म्हणायचो. दादा २०१२ मध्ये एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीला गेला. घर घेतलं, टॅक्स भरतो, तिथल्या गणपतीत ढोल वाजवतो. मागच्या वर्षी त्याची नोकरी गेली. मला कळलं पन्नासाव्या दिवशी. मावशीला तर सगळं निस्तरल्यावरच सांगितलं. त्याची परवानगी घेऊन बोलतोय.

मी दिवस का मोजतोय? एच-वन-बी हा माणसाला मिळालेला मोकळा परवाना नाही, तो एका कंपनीतल्या एका नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज भरायचा, नाहीतर दुसरा व्हिसा मागायचा किंवा देश सोडायचा. हे ६० दिवससुद्धा २०१७ पासूनच्या नियमाने आले. दादाला त्रेपन्नाव्या दिवशी कंपनी मिळाली, कमी पगारावर. त्याने घासाघीस केलीच नाही. कशी करणार?

मग तुम्ही विचाराल, इतकी वर्षं झाली, ग्रीन कार्ड का नाही? तर गणित असं आहे. १९९० च्या कायद्यानुसार नोकरीच्या मार्गाने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात बायको-मुलंही मोजली जातात. आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्के. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. दादाचा अर्ज २०१६ चा. रांग अजून तिथपर्यंत आलेली नाही.

आणि हे एकट्याचं नसतं. वहिनी इंजिनिअर. पण तिच्या एच-फोर व्हिसावर कामाचा परवाना मिळतो तो साधारणपणे दादाची आय-१४० ही पायरी मंजूर झाल्यावर, आणि ही सोयही २०१५ पासूनची. तोवर ती घरी बसून होती. इकडे नातेवाईक विचारायचे, ‘‘हिला नोकरी करायची नाही का?’’

पुतणी नाशिकला जन्मली, दोन वर्षांची असताना तिकडे गेली. २०३१ मध्ये ती २१ वर्षांची होईल. तोवर रांग पुढे सरकली नाही, तर वडिलांच्या व्हिसावर तिला राहता येणार नाही. स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढायचा, नाहीतर परत यायचं. तिचा धाकटा भाऊ तिकडे जन्मला, तो जन्मापासून नागरिक. एकाच जेवणाच्या टेबलावर दोन कायदे! तिने मला व्हिडिओ कॉलवर विचारलं, ‘‘काका, मी परत येईन म्हणतात सगळे. पण मला नाशिक आठवतच नाही, मग ‘परत’ कसं?’’ मला उत्तर देता आलं नाही.

मी जाऊ नका असं म्हणत नाहीये. जा, पण ऑफर लेटरवर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. ग्रीन कार्डची प्रक्रिया कंपनी कधी सुरू करते? आय-१४० मंजूर झाल्यावर त्या कागदाची प्रत मला मिळेल का? (कंपनी बदलली तरी रांगेतली तारीख सहसा तुमचीच राहते, म्हणून तो कागद जपा.) आणि माझ्या जोडीदाराला काम कधी करता येईल? विचारायला लाजू नका. वकील बहुतेक वेळा कंपनीने नेमलेला असतो, तेव्हा एकदा तरी स्वतःचे पैसे देऊन स्वतंत्र सल्ला घ्या.

आणि इकडे राहणाऱ्यांनो, फोनवर ‘‘घर घेतलंस का, गाडी कुठली’’ याच्याआधी ‘‘कागदपत्रांचं काय चाललंय रे?’’ एवढं विचारा. दादा म्हणाला, ते पन्नास दिवस नोकरीपेक्षा आईशी खोटं बोलण्यातच जास्त दमलो.

मावशी आता ‘सेटल’ हा शब्द वापरत नाही. ‘‘बरा आहे’’ म्हणते. भेटू पुढच्या भागात.