बावीस लिंबे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रवासातील एखादा अनुभव सांगा, असे चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा काशीयात्राच सांगावी असे प्रथम मनात आले. परंतु मजजवळ एक निराळाच अनुभव आहे, आणि त्यात एक कबुलीही आहे. विषय आहे दारूत पिळावयाच्या लिंबांचा. दचकू नका! मी आजही त्या पदार्थाला शिवत नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरअखेर मुलगी-जावयांच्या शिडाच्या बोटीतून मी अटलांटिक महासागर ओलांडला. कॅनरी बेटांतील लास पाल्मास ते कॅरिबियनमधील सेंट लुशिया, अंतर सुमारे २,७०० सागरी मैल. बोट चाळीस फुटांची, माणसे चार: मुलगी, जावई, त्यांचे एक वयस्क स्कॉटिश स्नेही आणि मी. बावीस दिवस पाण्यावाचून काही दिसावयाचे नाही. मला शिडातले काही कळत नव्हते. म्हणून कोठी माझ्याकडे आली.

कोठी म्हटल्यावर मला हुरूप आला. खोक्यांतून झुरळांची अंडी येतात म्हणून सारी पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच टाकली. अंडी मुद्दाम न धुतलेली, कधी थंड न केलेली अशी घेतली, आणि एक दिवसाआड उलटी करून ठेवली. कांदे-बटाटे दूर दूर. कोबीची वरची पाने तशीच. केळ्यांनी मात्र फसविले: अख्खा घड एकाच दिवशी पिकला, आणि चार दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ शिकरणच खाल्ले.

या सामानात जावयांची एक वेगळी यादी होती: साठ लिंबे, पुदिना, आले, दालचिनी. रोज मावळतीला, रात्रीच्या पाळ्या सुरू होण्यापूर्वी, प्रत्येकाने एकच पेला घ्यावयाचा असा त्यांचा नेम होता. बर्फ नव्हता, कारण बोटीवरची वीज जपून वापरावी लागे. मला तो नेम रुचला नाही. मी बोलले नाही; पण ती लिंबे जाळीत टांगली आणि त्यांच्याकडे पाठ फिरविली. अंड्यांना रोज हात लावणारी मी, लिंबांकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुदिना ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावयास हवा होता. तो आठव्या दिवशी काळा पडला. मला, खरे सांगते, वाईटही वाटले नाही.

अकराव्या दिवशी कुबट वास आला. बोट डुलताना जाळी लाकडी भिंतीवर आपटत होती. सालीला मार बसला, तेथे बुरशी धरली, आणि एकाची दुसऱ्याला लागली. उरलेल्या चाळीसपैकी बावीस लिंबे समुद्रात टाकावी लागली.

जावई एक शब्द बोलले नाहीत. त्या स्नेह्यांनी मात्र एक गोष्ट सांगितली. १७४० साली अ‍ॅडमिरल व्हर्नन यांनी इंग्रज नाविकांना रम पाणी मिसळूनच द्यावी असा हुकूम काढला. ऐपत असेल त्याने आपल्या पैशाने साखर-लिंबू घेऊन त्यात घालावे, अशी मुभा ठेवली. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरांनी सॅलिसबरी जहाजावर स्कर्व्हीच्या बारा रोग्यांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. या रोगात हिरड्या सुजून रक्त येते, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळाले, ते सर्वांत लवकर सुधारले. आणि सहाव्या दिवशी जहाजावरची फळेच संपली! तरी आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळू लागावयास १७९५ साल उजाडले. ज्या लिंबांकडे मी दारूची लिंबे म्हणून पाठ फिरविली, ती दर्यावर्दी माणसाचे औषध होती. आमच्याजवळ जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या, म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठले. अठरा लिंबे कोरड्या फडक्याने पुसली आणि त्यांतली दहा घट्ट लिंबे एकेक कागदात गुंडाळून हवेशीर टोपलीत ठेवली. रोज सकाळी कागद सोडून पाहावयाचे, आणि जे नरम वाटेल ते त्याच दिवशी वापरावयाचे. उरलेली आठ मऊ पडू लागली होती. त्यांचा मी आपला सुधारस केला! पाक पुरता निवू दिला आणि मगच रस घातला, कारण उकळल्याने लिंबाचा गुण जातो. स्नेही चकित झाले. त्यांच्याच देशातल्या लीथ गावच्या लॉकलन रोज यांनी लिंबाचा रस साखरेत टिकविण्याचे पेटंट १८६७ साली घेतले होते. मी म्हटले, आमच्याकडे याला पेटंट लागत नाही, पाटा-वरवंट्याशेजारी बरणी लागते. पुदिन्याच्या जागी आले ठेचून घातले. आले मात्र शेवटपर्यंत ताजे राहिले.

त्या संध्याकाळी प्रथमच मी त्यांच्यात जाऊन बसले. माझ्या पेल्यात नुसता सुधारस आणि पाणी. तेव्हा ध्यानात आले की, तीन-तीन तासांच्या पाळ्यांमुळे चौघे एकदम जागे असतात ते याच अर्ध्या तासात. माझी मुलगी दिवसभरात मोकळेपणी बोले ती याच वेळी. अकरा संध्याकाळी मी आत एकटी बसून घालविल्या होत्या!

सेंट लुशियाचे डोंगर दिसले तेव्हा टोपलीत दोन लिंबे शिल्लक होती. एक मी मुलीवरून उतरून टाकले. दुसरे जावयांच्या हाती दिले आणि म्हटले, "हे तुमच्या पेल्यासाठी."

भगिनींनो, राग माझा दारूवर होता. तो मी लिंबांवर काढला, आणि नुकसान चौघांचे झाले. कोठी ज्या बाईच्या हाती असते, तिने आपली आवडनिवड तिच्या दाराबाहेर ठेवावी, एवढेच मला सांगावयाचे होते.