खेळ ठरवताना आधी विचारा



डिसेंबरात सोसायटीत नाताळचे खेळ ठरतात.
मुंबई-ठाण्यात शेजारी एखादं बेने इस्रायली कुटुंब असू शकतं.
मराठी बोलणारं, कोकणी गावाचं आडनाव लावणारं ज्यू कुटुंब.
त्यांना आधी विचारा.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस.
म्हणून खेळ रविवारी ठेवा.

त्यांचा हनुक्का सण बहुधा डिसेंबरातच येतो.
तेव्हाचा एक खेळ म्हणजे ड्रेडल.
चार बाजूंचा भोवरा.
प्रत्येक बाजूवर एक हिब्रू अक्षर.
भोवरा फिरवून एक अक्षर आलं, की सगळ्यांनी मध्ये ठेवलेली सगळी चॉकलेटं तुमची!
दुसरं आलं, तर अर्धी.
तिसऱ्याला काहीच नाही.
चौथ्याला आपलंच चॉकलेट मध्ये टाकायचं.

हा भोवरा घरोघरी असेलच, असं नाही.
म्हणूनही आधी विचारा.

आणि खाऊ?
त्यांच्या आहारनियमांप्रमाणे मांस आणि दूध एकत्र नको.